अपंग मुलांच्या मानसिक उपचारांत बदल मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेत तुम्ही समुपदेशक आहात. तिथे पस्तीसेक मुलं येतात. काहींना सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), काहींना बौद्धिक अक्षमता, काही स्वमग्न (ऑटिझम असलेली) आहेत, दोघं-तिघं ऐकू न येणारी आहेत. चिडचिड, भीती, झोप न लागणं, स्वतःला चावून घेणं, शाळेत जायला नकार अशा तक्रारींवर तुम्ही काम करता. आता देणगीदार ‘परिणाम दाखवा’ म्हणताहेत आणि संचालकांनी एसडीक्यू नावाच्या, मुलांच्या भावना आणि वागण्याबद्दलच्या प्रश्नावलीचे कागद तुमच्या हातात दिलेत. तुम्ही विचारलंय की ही प्रश्नावली आपल्या मुलांना चालेल का, न बोलणाऱ्या मुलाचं मत घ्यायचं कसं, आणि पालक दरवेळी ‘सगळं छान आहे मॅडम’ म्हणतात त्याचं काय करायचं.

मी बाल-मानसशास्त्रज्ञ म्हणून बरीच वर्षं अशाच मुलांमध्ये काम करते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: मुलाचं अपंगत्व मोजू नका, त्याला होणारा त्रास मोजा. आणि जे मोजाल ते पुढच्याच भेटीत वापरा. वापरणार नसाल तर आईचा अर्धा तास त्या कागदावर घालवू नका. ती दोन एसट्या बदलून आलेली असते.

आपल्याकडच्या फायलींमध्ये आकडे कमी नसतात, पण ते वेगळ्या कामासाठी काढलेले असतात. व्हीएसएमएस बघा. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली ही सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी, ८९ बाबींची. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं बाहेर जाऊन येतं का, हे ती सांगते. स्वमग्नता मोजण्यासाठी इसा ही भारतीय मोजपट्टी आहे: ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००, ७० किंवा जास्त आले की स्वमग्नता धरतात. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. पण समजा एका स्वमग्न मुलाला कुकरच्या शिट्टीची इतकी भीती वाटते की घरात डाळ शिजवणं मुश्कील झालंय. तुम्ही त्यावर चार महिने काम केलंत, आता तो शिट्टी झाली की कान झाकतो आणि खेळत राहतो. या मुलाची इसा परत भरलीत तर आकडा जेमतेम दोन-चार गुणांनी हलेल. कागदावर तुमचं काम शून्य दिसेल, आणि त्या घरात मात्र रोजचं जगणं बदललेलं असेल.

यात आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. याच मोजपट्ट्यांवरून दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. ४० टक्के ही रेघ ओलांडली तर एसटीची सवलत, परीक्षेतला जादा वेळ, सरकारी योजना. म्हणून ‘मुलगा सुधारला’ असं कागदावर लिहायला आईचं मन धजत नाही, आणि तिचं काही चुकतही नाही. हा गुंता तुम्हीच सोडवायचा आहे. पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगा: “ताई, हा कागद सिव्हिलच्या बोर्डाकडे जात नाही. प्रमाणपत्राशी याचा संबंध नाही. आपलं काम बरोबर चाललंय का, एवढंच कळण्यासाठी आहे.” आणि ते खरंच तसं ठेवा. फाइल वेगळी, कपाट वेगळं.

आता एसडीक्यू. लंडनमधले बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. २५ वाक्यं, पाच-पाचचे पाच गट: भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, चंचलता, सवंगड्यांशी अडचणी, आणि इतरांशी चांगलं वागणं. प्रत्येक वाक्याला ०, १ किंवा २. पहिल्या चार गटांची बेरीज ० ते ४०, आणि ब्रिटनच्या मोजणीनुसार पालकांनी भरलेल्या कागदावर १७ किंवा जास्त आले तर त्रास बराच आहे असं समजतात. कुटुंबांकडून पैसे न घेणाऱ्या संस्थांना कागदी प्रत फुकट वापरता येते, मात्र शब्द बदलायला परवानगी नाही. साधन चांगलं आहे. फक्त ते तयार करताना आपली मुलं डोळ्यांसमोर नव्हती.

एकेक वाक्य घेऊन बघा. ‘सतत चुळबुळ करतो’ असं एक वाक्य आहे. ज्या सेरेब्रल पाल्सीत हातपाय आपोआप वळवळत राहतात, त्या मुलाची आई तिथे काय लिहिणार? २ लिहील, आणि चंचलतेचे गुण वाढतील; मूल प्रत्यक्षात तासभर एकाग्र बसून गोष्ट ऐकणारं असेल. ‘डोकं, पोट दुखल्याची तक्रार करतो’ असं दुसरं. जो बोलतच नाही तो तक्रार करणार कशी? तिथे ० येतो, आणि ते पोट रोज दुखत असू शकतं. ‘खोटं बोलतो, फसवतो’ यासाठी समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज लागतो; तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तो येत नाही, म्हणून तिथे मिळालेल्या शून्याला काही अर्थ नाही. ‘एक तरी चांगला मित्र आहे’ हे वाक्य घरातच राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत मुलाबद्दल कमी आणि आपल्या गावाबद्दल जास्त सांगतं.

मग टाकून द्यायची का? सौम्य अक्षमता असलेल्या, नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या, किंवा केवळ शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी वापरा, पण दोन पथ्यं पाळा. १७ ची रेघ विसरा आणि मुलाची तुलना फक्त त्याच्या स्वतःच्या आधीच्या कागदाशी करा. दुसरं, मागच्या पानावरचा पुरवणी भाग कधीही गाळू नका. या त्रासामुळे मुलाला स्वतःला किती क्लेश होतात, घरात, मैत्रीत, वर्गात, खेळात किती अडतं, हे तिथे विचारलेलं असतं. माझ्या अनुभवात आपल्या मुलांच्या बाबतीत पंचवीस वाक्यांपेक्षा हे अर्धं पानच जास्त बोलकं निघतं.

मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असेल तर त्यांच्यासाठीच तयार झालेली साधनं आहेत. अमन आणि सिंग यांची ॲबेरंट बिहेवियर चेकलिस्ट १९८५ पासून वापरात आहे. तिच्या ५८ बाबींमध्ये चिडचिड, एकलकोंडेपणा, तेचतेच वागणं, अतिचंचलता आणि निरर्थक बोलणं असे गट आहेत. स्वमग्न मुलांच्या चिडचिडीवर रिस्पेरिडोन या औषधाचा उपयोग होतो का हे २००२ च्या अमेरिकी अभ्यासात याच यादीच्या चिडचिड गटावर तपासलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या आइनफेल्ड आणि टाँग यांची डेव्हलपमेंटल बिहेवियर चेकलिस्टही चांगली आहे. यांचे हक्क राखीव असतात, म्हणून आधी परवानगी घ्या. आणि घरी बसून मराठी करून त्यालाच मूळ नाव लावू नका. तशा भाषांतराचे गुण कशाशीच ताडून बघता येत नाहीत.

कुठलाही आकडा लिहिण्याआधी एक सवय लावून घ्या. वागण्यातला त्रास अचानक वाढला की आधी शरीर बघायचं. किडलेला दात, कानातला पू, चार दिवसांची बद्धकोष्ठता, सेरेब्रल पाल्सीत जागचा सरकलेला खुब्याचा सांधा. फिटची गोळी बदलली आहे का हेही विचारा. लेव्हेटिरासिटामने काही मुलं भयंकर चिडचिडी होतात, फिनोबार्बिटोनने काही सैरभैर होतात. अपंगत्वाकडे बोट दाखवून बाकी सगळ्याकडे डोळेझाक करण्याच्या या वृत्तीबद्दल अमेरिकेतल्या राइस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच लिहून ठेवलं आहे. ‘अशी मुलं असंच करतात’ हे वाक्य दवाखान्यात आजही रोज ऐकू येतं, आणि मला त्याचा फार राग येतो. ज्या मुलाचा दात ठणकतोय त्याच्या ‘चिडचिडीवर’ महिनाभर सत्रं घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

या सगळ्यापेक्षा तुमच्या कामाला सर्वात जास्त उपयोगी पडेल ती उद्दिष्टांची मोजणी. ब्रिटनमध्ये डंकन लॉ यांनी ती बालसेवांत रुजवली. कुटुंबाने आणि मुलाने स्वतः ठरवलेली जास्तीत जास्त तीन उद्दिष्टं, प्रत्येकाला ० ते १० गुण. शून्य म्हणजे अजून काहीच नाही, दहा म्हणजे गाठलं. खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. तिथल्या सेवांच्या माहितीवरून साधारण अडीच गुणांहून जास्त बदल झाला तर तो खरा मानावा असं निघालं आहे; एखाद्या गुणाच्या चढउताराने हुरळून जाऊ नये आणि घाबरूही नये.

अवघड असतं ते उद्दिष्ट ठरवणं. पालक पहिल्या दिवशी म्हणतात, “तो बोलायला पाहिजे.” किंवा, “नॉर्मल व्हावा, बाकी काही नको.” यावर मान डोलवून कागदावर ‘बोलणे’ असं लिहू नका आणि ‘ते शक्य नाही’ असं तोंडावर सांगूही नका. विचारा, “तो बोलायला लागला तर तुमच्या घरात सगळ्यात आधी काय बदलेल?” आई थोडा वेळ गप्प बसते, आणि मग म्हणते, “रात्री रडतो तेव्हा काय होतंय ते कळेल. दोन-दोन तास सगळे जागे असतात. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ. ह्यांना सकाळी सहाला कामावर जायचं असतं.” हे तुमचं उद्दिष्ट: ‘रात्री त्याला काय हवंय किंवा काय दुखतंय ते आम्हाला लवकर कळावं.’ आज किती? “एक.” पाच म्हणजे काय असेल? “अर्ध्या तासात कळलं तर.” हे तिचेच शब्द कागदावर जसेच्या तसे लिहा. तीन महिन्यांनी तुम्ही रजेवर असलात आणि दुसऱ्या ताईने गुण विचारले तरी पाचचा अर्थ तोच राहील.

रोजच्या नोंदीसाठी छापील तक्ता दिलात तर तो हरवतो. भिंतीवरचं कालनिर्णय हरवत नाही. ज्या रात्री मूल उठलं त्या तारखेच्या चौकोनात आईने एक टिकली चिकटवायची, दोनदा उठलं तर दोन. तिला लिहिता येत नसलं तरी चालतं, आणि आजीलाही करता येतं. महिन्याअखेरी ते पान मोबाइलवर फोटो काढून आणायचं. त्याच पानावर सण, अमावास्या, गॅस सिलिंडरच्या तारखा, पाहुणे आल्याच्या खुणा असतात, त्यामुळे टिकल्यांचा झुबका कुठे आणि का पडलाय हे दिसतं. गणपतीत डीजे वाजत असलेले दहा दिवस तुमच्या उपचाराच्या यशापयशात धरू नका, पण नोंदवून ठेवा.

उद्दिष्टं कुणाची, हेही लिहा. आईचं, बाईंचं आणि मुलाचं उद्दिष्ट एकाच ओळीत घुसवू नका. आणि मुलाचं उद्दिष्ट नसेल तर कागद अपुरा आहे असं समजा.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, आणि याला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण आपल्याकडे हाच भाग कोरा राहतो. अपंग मुलाबद्दल सगळ्यांना विचारतात, मुलाला सोडून.

कागदावरची रेघ किंवा चेहऱ्यांची चित्रं बऱ्याच मुलांना कळत नाहीत. हसरा चेहरा ‘चांगला’ म्हणून ती त्यालाच बोट लावतात. मी पाच स्टीलच्या वाट्या मांडते. पहिली रिकामी, शेवटची चिंचोक्यांनी शिगोशीग भरलेली, मधल्या चढत्या. मुलाला हात घालून बघू द्या, चिंचोके सांडू द्या. मग लगेच भीतीबद्दल विचारायचं नाही. आधी त्याला हे कळतंय का ते तपासायचं. “आंबा किती आवडतो?” भरलेल्या वाटीला बोट. “कारलं किती आवडतं?” पुन्हा भरलेलीच. आता खरंच कारलं आवडतं, की तो नेहमी शेवटचीच वाटी दाखवतो? वाट्यांचा क्रम उलटा करा आणि परत विचारा. बोट भरलेल्या वाटीमागे गेलं तर त्याला वाटी कळते. बोट त्याच बाजूला राहिलं तर त्याला जागा कळते, प्रमाण नाही. मग तीन वाट्या घ्या, तरी जमेना तर दोन. दोनही जमत नसतील तर त्याच्याकडून आकडा घेऊ नका. मत मात्र घेत राहा: कुठल्या खोलीत जाताना पाऊल अडतं, कुणाच्या मांडीवरून उठत नाही, कुठला फोटो उलटा ठेवतो, शांत व्हायला किती वेळ लागतो. याची नोंद हाच त्याचा अभिप्राय.

‘हो’ या उत्तरावर विसंबू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती गोंधळल्या की ‘हो’ म्हणतात, हे सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं. आपल्याकडे तर मोठ्यांना ‘नाही’ म्हणू नये हेच शिकवलेलं असतं. म्हणून “इथे यायला आवडतं ना?” असं कधीच विचारू नका. “आज आधी वाट्यांचा खेळ की आधी मातीचा?” असं विचारा, आणि उत्तराप्रमाणे वागा. आपल्या निवडीने खरंच काही घडतं हे दोन-तीनदा अनुभवल्यावरच मूल ‘नको’ म्हणायला धजतं.

न बोलणाऱ्या मुलांसाठी फोटो. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात टॉकिंग मॅट्स नावाची पद्धत विकसित झाली, तिचं तत्त्व साधं आहे: चटईवर आवडतं, ठीकठाक आणि नको असे तीन भाग, आणि मूल एकेक चित्र त्यात ठेवतं किंवा नजरेने दाखवतं. एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेली, दहा-अकरा वर्षांची, हुशार मुलगी. बोलणं घरच्यांनाच कळायचं. शाळेत जायच्या वेळी रडायची, सकाळचा नाश्ता आणि पाणी सोडलं होतं. आईचं उद्दिष्ट होतं, ‘न रडता शाळेत जावी.’ बाईंना वाटत होतं की अभ्यास झेपत नाही. आम्ही तिच्या शाळेतल्या दिवसाचे फोटो मागवले: फाटक, वर्ग, बाई, मैत्रीण, डबा, मैदान, मावशी, स्वच्छतागृह. तिने वर्ग ‘आवडतं’मध्ये ठेवायला लावला. गणिताचं पुस्तकसुद्धा. स्वच्छतागृहाचा फोटो समोर धरला तेव्हा तिने मान फिरवली आणि ‘नको’कडे एकटक बघत राहिली. मग हो-नाहीच्या प्रश्नांनी एकेक पायरी उतरत गेलो. तिची चाकाची खुर्ची आत जात नव्हती म्हणून मावशी तिला दार उघडं ठेवून आत न्यायच्या, आणि बाहेर मुलांची रांग असायची. ती पाणी पीत नव्हती ते त्यासाठी. तिचं उद्दिष्ट तिच्या शब्दांत लिहिलं: ‘दार बंद पाहिजे.’ शाळेने शिक्षकांचं रुंद दाराचं स्वच्छतागृह तिला वापरू दिलं. तिचा पहिला गुण शून्य होता. पुढे तो आठवर गेला आणि आईचा गुण त्याच्या मागोमाग चढला.

एसडीक्यूवर हीच मुलगी ‘भावनिक त्रास: जास्त’ एवढीच दिसली असती, आणि आपण तिला श्वासाचे व्यायाम शिकवत बसलो असतो.

संवादासाठी मूल आधीच काही वापरत असेल तर तेच वापरा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांतून बोलायला मदत करणारं जेलो हे ॲप मराठीतही आहे. मात्र बोट दाखवून बोलायच्या चित्रांच्या फळ्यावर किंवा ॲपमध्ये ‘नको’, ‘दुखतंय’, ‘थांब’, ‘मला राग आलाय’ ही चित्रं आहेत का ते आधी बघा. पुष्कळ फळ्यांवर फक्त मागण्या असतात: पाणी, खाऊ, टीव्ही. ज्याच्या फळ्यावर ‘नको’ नाही त्याला अभिप्राय विचारण्यात अर्थ नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांना लेखी मराठी सोपं जाईल असं धरू नका; खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती बोलवा, आणि ती व्यक्ती आई नको. आईच्या हातून आईबद्दलची तक्रार कोण सांगेल?

आता ‘सगळं छान आहे मॅडम’. सत्राबद्दल दर भेटीला विचारायची एक छोटी पद्धत अमेरिकेत स्कॉट मिलर आणि सहकाऱ्यांनी बसवली आहे: दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेघा. माझं ऐकलं गेलं का, हव्या त्या विषयावर काम झालं का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. मुलांसाठी चेहऱ्यांची आवृत्ती आहे. आपल्याकडे पालक चारही रेघांच्या टोकाला खूण करतात, कारण तुम्ही समोर बसलेल्या असता आणि उद्या परत तुमच्याकडेच यायचं असतं. म्हणून प्रश्नाची दिशा बदला. “आज सांगितलेल्यातलं घरी न जमणारं काय आहे?” असं विचारलं की काहीतरी न जमणारं असणारच, हे तुम्हीच मान्य केलेलं असतं. आई मोकळी होते: “तेवढं ते झोपेचं वेळापत्रक नाही जमायचं, आमची एकच खोली आहे.” हे वाक्य दहापैकी दहा गुणांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. शक्य असेल तर तीन महिन्यांतून एकदा तुमच्याऐवजी ऑफिसच्या ताईंनी विचारावं, आईला एकटीला, सासू-नवऱ्यासमोर नाही. आणि कुणी काही सुचवलं तर त्याचं काय केलंत ते पुढच्या पालकसभेत सांगा. शेवटची एसटी चारला आहे म्हणून दुपारच्या वेळा अलीकडे घेतल्या, एवढं साधंसुद्धा.

ब्रिटनमधल्या शेफिल्डच्या सेवेत पालकांसाठी एक छोटं मोजमाप तयार झालं: मुलाचं वागणं मला किती समजतं, ते हाताळायचा मला किती विश्वास वाटतो. मला ही कल्पना फार आवडते. तीव्र अक्षमतेत मुलाचं वागणं हळू बदलतं; आईची समज लवकर बदलते आणि मग मुलाला सैल पडायला जागा मिळते. मात्र आई स्वतः खचलेली असेल तर तिचे सगळे गुण खाली येतात. तेव्हा मुलाचा कागद बाजूला ठेवा आणि “तुम्हाला झोप लागते का?” हे विचारा.

आई एक सांगते, बाई दुसरंच सांगतात, तेव्हा खरं कोण हे शोधू नका. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र केले. मुलाला वेगवेगळ्या ठिकाणी बघणाऱ्या माणसांच्या मतांमधला सहसंबंध सरासरी ०.२८ निघाला (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच मेळ नाही). म्हणजे मतभेद हाच नियम आहे. घरी ८ आणि शाळेत २ असेल तर सरासरी ५ काढून मोकळं होऊ नका. शाळेत जाऊन दोन तास बसा.

गुण हाताशी आले की ते चौकटीच्या कागदावर मांडा आणि मुलाच्या घरच्यांसमोर ठेवा. पाच-सहा भेटींत उद्दिष्टाचा गुण हलला नाही किंवा खाली गेला तर थांबून विचारायचं: उद्दिष्ट चुकलंय, पद्धत चुकलीय, शरीरात काही दुखतंय, की घरात काही घडलंय? आपल्या अंदाजावर हे सोडता येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थेरपिस्टना विचारलं की ५५० जणांपैकी किती जणांची तब्येत बिघडेल. त्यांनी तिघांची नावं घेतली, बिघडले ४०. ही प्रौढ माणसं होती आणि बोलती होती. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपला अंदाज याहून चांगला असेल असं मानायला काही कारण नाही. अशा मोजणीने मुलांचे परिणाम हमखास सुधारतात का? झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. म्हणून देणगीदारांना ‘हे सिद्ध झालेलं आहे’ असं लिहू नका. बिघाड लवकर दिसतो आणि मुलाचं म्हणणं कागदावर येतं, एवढ्यासाठी मला ही मोजणी आवश्यक वाटते.

देणगीदारांच्या अहवालाबद्दल. पस्तीस मुलांची सरासरी देऊ नका. शिट्टीची भीती आणि स्वतःला चावणं यांची सरासरी होत नाही. चार रकाने करा: किती मुलांच्या उद्दिष्टात अडीचहून जास्त गुणांची वाढ झाली, किती तशीच आहेत, किती बिघडली, आणि किती जणांचं कळलंच नाही. चौथा रकाना लपवू नका. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि हंगाम संपल्यावर येतात. ती गाळून काढलेलं यश म्हणजे गावात राहू शकणाऱ्यांचं यश. आणि हेही लिहा की घरचे मुलाला घेऊन येतात ते त्रास कळसाला पोचल्यावर, त्यामुळे त्यातला काही उतार उपचाराविनाही झाला असता. चांगला देणगीदार अशा अहवालावर जास्त विश्वास ठेवतो. न ठेवणारा असेल तर संचालकांनी त्याच्याशी बोलावं; त्याच्यासाठी मुलांचे आकडे फुगवायचे नाहीत.

गुणांचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, आपल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरही नको. शाळेने ‘रिपोर्ट’ मागितला तर आधी पालकांना आणि समजत असेल तर मुलाला विचारा, आणि शाळेला कामापुरतंच लिहून द्या. ‘वर्तन समस्या: गंभीर’ एवढ्या तीन शब्दांवर मुलांना शाळेतून घरी बसवलेलं मी बघितलं आहे.

सुरुवात पस्तीस मुलांपासून करू नका. चार-पाच घ्या. दर भेटीला उद्दिष्टांचे गुण आणि एक ‘न जमणारं काय’चा प्रश्न, मोठी प्रश्नावली तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच व्यक्तीकडून. काम थांबवताना शेवटचे गुण घ्या आणि पालकांना सांगून ठेवा की तीन महिन्यांनी फोन येईल. फोनवर तेच प्रश्न, त्याच शब्दांत. मूल फोनवर बोलत नसेल तर वाट्या व्हिडिओ कॉलवर दाखवा. गुण घसरले असतील तर नव्या नोंदणीच्या रांगेत न लावता त्याच आठवड्यात बोलवा.